व्हिडिओ कन्व्हर्ट करताना फ्रेम रेट कुठला ठेवायचा?

रिकामी_रीळ:
जुन्या डीव्ही टेपवरून कॉम्प्युटरवर घेतलेल्या फायली आहेत, त्या २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे चित्रं) दाखवतात, आणि बाकीच्या मोबाईलच्या ३०च्या. सगळं एमपी४ करून ठेवायचंय. कन्व्हर्टरमध्ये २३.९७६, २४, २५, २९.९७, ३०, ५०, ६० अशी भलीमोठी यादी येते. जास्त म्हणजे चांगलं असणार म्हणून टेपची एक फाईल ६० वर करून बघितली तर कॅमेरा आडवा फिरतो तिथे चित्र अडखळतंय, वर साईझपण वाढली. नक्की काय निवडू?

कोपऱ्यातला_प्रेक्षक:
सोर्सचा आहे तोच ठेवा, हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये 'सेम अ‍ॅज सोर्स' असतं ते. २५ चं ६० केलं की नवीन फ्रेम येणार कुठून? आहेत त्याच फ्रेम कधी दोनदा कधी तीनदा दाखवल्या जातात, म्हणून अडखळतं. कमी करायचंच असेल तर निम्मं करा, ६० चं ३० किंवा ५० चं २५, ते नीट होतं. ३० चं २५ करू नका, दर सहावी फ्रेम गळते आणि डोळ्याला लगेच कळतं.

अर्धीफ्रेम:
मोबाईलच्या फायलींसाठी बरोबर, पण टेपसाठी थांबा जरा. पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) डीव्ही म्हणजे बहुतेक इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत, फील्डमध्ये, विभागलेली; २५ फ्रेम लिहिलेलं असलं तरी आत सेकंदाला ५० फील्ड असतात आणि प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं असतं. मीडियाइन्फो या फाईलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये फाईल उघडा आणि स्कॅन टाइप बघा. हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसत असतील तर बघायचीही गरज नाही. अशा फाईलला डीइंटरलेस करताना (फील्डच्या पूर्ण फ्रेम बनवताना) बॉब मोड (प्रत्येक फील्डची एक फ्रेम) लावून ५० ठेवा, हालचाल खरंच मऊ येते. साधं डीइंटरलेस करून २५ ठेवलं तरी चालतं पण निम्मी हालचाल फुकट जाते, मी तरी नाही करणार.

रिकामी_रीळ:
बघितलं, इंटरलेस्ड, बॉटम फील्ड फर्स्ट (खालचं फील्ड आधी) लिहिलंय. म्हणजे टेप ५० वर. मग मोबाईलच्या फायली ३० फिक्स करू का? एकीत २९.८७ असं काहीतरी विचित्र दाखवतंय.

अर्धीफ्रेम:
तो नुसता सरासरी आकडा, मोबाईल व्हेरिएबल, म्हणजे बदलत्या, रेटने शूट करतो, उजेड कमी झाला की बरेच फोन फ्रेमपण कमी घेतात. फक्त बघायच्या असतील तर व्हेरिएबलच राहू द्या, एडिटिंगला घेणार असाल तर आधी कॉन्स्टंट (न बदलणारा) ३० करा, नाहीतर काही एडिटरमध्ये आवाज हळूहळू सरकत जातो.

कोपऱ्यातला_प्रेक्षक:
आणि २९.९७ ची फाईल ३० आहे असं सांगून फ्रेम तशाच पळवल्या तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो, ओठ एकीकडे आवाज दुसरीकडे. हा अपूर्णांक अमेरिकेत १९५३ ला कलर टीव्हीचं स्टँडर्ड ठरलं तेव्हापासून मागे लागलाय. बाय द वे, टेपच्या मूळ फायली डिलीट करू नका, डीइंटरलेस केलेलं परत उलटं फिरवता येत नाही.