मदत हवी आहे: ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला हुकअपशिवाय (वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय) रात्रभर हीटर कसा चालवायचा? शुक्रवारी निघतोय

निशाचर_२२ (धागाकर्ता)
शुक्रवारी दुपारी निघायचंय, त्यामुळे प्लीज लवकर सांगा. चार कुटुंबं, दोन आरव्ही (राहायच्या गाड्या), दोन रात्री, बीएलएमची (सरकारी जमीन खात्याची) फुकट जमीन. मागच्या वेळी पहाटे तीनला बॅटरी बसली आणि हीटर बंद. पोरं कुडकुडत उठली. धाकटीला जॅकेटात गुंडाळून उजाडेपर्यंत ड्रायव्हर सीटवर बसून होतो. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. काय करू? आणि नेमकं थांबायचं कुठे?

रूफटॉप_सोलर
सरळ १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या घ्या आणि छतावर २०० वॉटचं पॅनेल टाका. मी टाकल्यापासून एकदाही अंधारात बसलेलो नाही. लेड-ॲसिडवर पैसे घालवू नका.

कॅक्टस_काकू
थांबा हो, आधी त्यांची गाडी कुठली ते तरी कळू दे. निशाचर, गाडी स्वतःची की भाड्याची? जनरेटर आहे? कुठून निघताय? आणि बॅटरी पहिल्या रात्री बसली की दुसऱ्या?

निशाचर_२२
दुसऱ्या. तुम्हाला कसं कळलं? लॉस एंजेलिसहून. भाड्याची क्लास सी (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली घरगाडी), २५ फुटी. जनरेटर आहे, पण त्याचे तासाचे पैसे वेगळे लावतात, म्हणून मागच्या वेळी चालवलाच नव्हता.

रूफटॉप_सोलर
भाड्याची आहे हे आधी लिहायचंत ना! मग पॅनेलचं राहू दे.

कॅक्टस_काकू
इथेच घोळ झाला. हीटर जळतो प्रोपेन गॅसवर, पण गरम हवा ढकलणारा पंखा १२ व्होल्टवर फिरतो आणि साधारण ७-८ अँपिअर ओढतो. दहा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ जरी फिरला तरी ३५ ते ४० अँपिअर-तास गेले. १०० ची साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिच्यातून निम्मंच वापरायचं असतं, म्हणजे ५०. उरलेल्यात दिवे, पाण्याचा पंप, गॅसचा अलार्म, सगळ्यांचे फोन. पहिल्या रात्री तुम्ही चार तास गाडी चालवून आलेले असता, अल्टरनेटरने बॅटरी भरलेली असते, म्हणून निभावतं. दुसऱ्या दिवशी गाडी जागेवरच उभी.

तेव्हा शनिवारी सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळी पुन्हा दोन-तीन तास जनरेटर चालवा. मायक्रोवेव्ह, चहाची किटली, जे काय असेल ते त्याच वेळात उरकून घ्या. रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच ठेवायचा, शेजाऱ्यांची झोप आहे. थर्मोस्टॅट ६० फॅरनहाइटवर ठेवून वर रजया घ्या. आणि पेट्रोलची टाकी पाव भागाच्या आसपास आली की हा जनरेटर आपोआप थांबतो, म्हणून वाटेतल्या ब्लाइद गावात टाकी फुल करूनच पुढे जा.

डोंगरवाटा
एवढं गणित कशाला? छोटा प्रोपेन हीटर आणा, बॅटरी लागतच नाही. आम्ही तीन हिवाळे तेच करतोय.

कॅक्टस_काकू
बंद गाडीत, मुलं झोपलेली असताना? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कृपा करून असा सल्ला देऊ नका.

डोंगरवाटा
खिडकी दोन बोटं उघडी ठेवतो हो. ऑक्सिजन कमी झाला की बंद होणारा सेन्सरही आहे त्यात.

कॅक्टस_काकू
जागेपणी ठीक. झोपताना नाही. ह्यावर मी मागे हटणार नाही.

सरोवर_प्रेमी
मुळात फुकटच का हवंय? लेक हवासूला हुकअपच्या जागा मिळतात. लहान मुलं घेऊन वाळवंटात कशाला?

निशाचर_२२
पैशांचा प्रश्न नाही. हुकअपच्या जागी दोन गाड्या एकमेकींसमोर लावून मध्ये सतरंजी टाकता येत नाही. आम्ही आठजण कॉलेजपासूनचे मित्र, वर्षातून एकदा भेटतो. मुलांना दिव्यांशिवायचं आकाश दाखवायचंय. जागेचं सांगा ना कोणीतरी.

पिवळी_पाटी
जागेचं मी सांगतो, पाच वर्षं जातोय. गावाच्या उत्तरेला हायवे ९५ वर हाय जॉली, अजून वर प्लोमोसा रोड, पश्चिमेला आय-१० हायवेलगत डोम रॉक. तिन्हीकडे १४ दिवस फुकट राहता येतं, बुकिंग नसतं. होस्ट (जागेची देखरेख करणारा) असला तर त्याच्याकडे नोंद करून फुकटचा परमिट घ्या. २८ दिवसांत १४ झाले की २५ मैल लांब जावं लागतं, तुम्हाला दोनच रात्री आहेत. गावाच्या दक्षिणेच्या ला पोसाला मात्र पैसे पडतात, मी शेवटचं गेलो तेव्हा १४ दिवसांचे ४० डॉलर होते. पण तिथे पाणी आणि डंप स्टेशन (सांडपाण्याची टाकी रिकामी करायची जागा) आहे.

तुम्हाला हाय जॉली बरं. जमीन सपाट, घट्ट खडीची, हायवेला लागून. पण आधी भाड्याचा करार वाचा. कच्च्या रस्त्यावर नेली तर विमा लागू नाही, असं बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं. आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी लावू नका, लांब कुठे पाऊस पडला तरी पाणी येतं. भांड्यांचं पाणीही जमिनीवर सोडायचं नाही.

सरोवर_प्रेमी
जानेवारीत तिथे आरव्ही शोची तुफान गर्दी असते, हेही लक्षात घ्या.

उंटावरचा_प्रवासी
हाय जॉली हे नाव हाजी अली ह्या उंटवाल्याचं. अमेरिकी सैन्याने १८५६ मध्ये उंट आणले, त्यांच्यासोबत तो आला. १९०२ मध्ये तिथेच वारला. गावातल्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे, वर उंट. मुलांना नक्की दाखवा.

रूफटॉप_सोलर
मग सैन्याने उंट वापरणं सोडून का दिलं?

उंटावरचा_प्रवासी
यादवी युद्ध सुरू झालं आणि प्रयोग मागे पडला. शिवाय खेचरं बुजायची त्यांना.

निशाचर_२२
करार वाचला. "देखभाल होत नसलेल्या रस्त्यांवर" नेऊ नये एवढंच आहे. फोन करून विचारलं, हायवेलगतच्या खडीवर चालेल म्हणाले. ते ईमेलवरही मागून घेतलंय. जनरेटरचे सहा तास आत्ताच घेऊन टाकले. पण दुसरी गाडी मित्राचा ट्रेलर आहे, त्याला जनरेटरच नाही. एकच बॅटरी.

कॅक्टस_काकू
हे आत्ता सांगताय! मग दुसऱ्या रात्री सगळी मुलं तुमच्या गाडीत झोपवा. ट्रेलरमध्ये मोठी माणसं, हीटर फक्त पहाटे. गोधड्या किती आहेत?

निशाचर_२२
आईने पाठवलेल्या चार. अजून दोन मागतो मित्राकडून.