आजी ९६ वर्षं जगली, पण आम्हाला आठवते ती फक्त शेवटची आजारी आजी

शेंडेफळ (प्रश्न):
नमस्कार मंडळी. आमची आजी, म्हणजे बाबांची आई, मध्यंतरी गेली. ९६ वर्षांची होती, शांतपणे गेली, सगळे जवळ होतो, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण आम्ही भावंडं तिच्याबद्दल बोलायला बसलो की गाडी दरवेळी शेवटच्या चार-पाच वर्षांवरच येऊन थांबते. वॉकर, गोळ्यांचा डबा, रात्री तिच्याजवळ कोण झोपायचं, ती मला बाबांच्या नावाने हाका मारायची ते. हे सगळं खरंच आहे, पण बाई ९६ वर्षं जगली ना! मी जन्मले तेव्हाच ती साठीच्या पुढे होती, म्हणजे तिचं बरंचसं आयुष्य मी पाहिलेलंच नाही आणि बाबाही आता नाहीत विचारायला. तिच्या पिढीतली फक्त एक धाकटी बहीण उरलीय, आमची मावशीआजी, तिला ऐकायला कमी येतं. मला घरातल्या घरात, पुढच्या मुलांसाठी, आजीबद्दल नीट काहीतरी लिहून ठेवायचंय. कुणी असं केलंय का? सुरुवात कुठून करू?

मनमोकळा:
तुमच्याच घरी असं होतंय असं नाही, आणि यात कुणाचं प्रेम कमी पडलेलं नाही. आठवण चालतेच तशी. १९९६ साली रेडेलमायर आणि कानेमन या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने करतात ती तपासणी) पेशंटांवर. तपासणी किती वेळ चालली याचा लोकांच्या आठवणीवर फारसा परिणाम नव्हता, सगळ्यात जास्त दुखलं तो क्षण आणि अगदी शेवट, यावरच त्यांचं मत ठरत होतं. पुढे २००१ मध्ये एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच अख्ख्या आयुष्याला लावून बघितलं. एका काल्पनिक व्यक्तीचं खूप सुखाचं, पण अचानक संपलेलं आयुष्य वाचायला दिलं, आणि तेच आयुष्य पुढे काही वर्षं जोडूनही दिलं, ती वर्षं आधीइतकी छान नाहीत पण बरी गेलेली. तर लोकांनी हे लांबलेलं आयुष्य कमी चांगलं ठरवलं! मला तेव्हा फार लागलं होतं ते वाचून, कारण आपली म्हातारी माणसं डोळ्यांसमोर आली. म्हणून म्हणतो, तुम्ही जे करायचं म्हणताय ते जरूर करा, ते आपोआप होणार नाही.

गोधडी:
मावशीआजींकडे आधी जा, फोटो-कागद नंतर बघता येतील, ते कुठे पळत नाहीत. मी माझ्या मोठ्या काकांचं असंच केलं होतं, त्यावरून सांगते.
समोर बसायचं, तुमच्या चेहऱ्यावर उजेड हवा म्हणजे त्यांना ओठ दिसतात. टीव्ही, पंखा बंद. ओरडायचं नाही, वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात, त्यामुळे किंचाळून काही उपयोग होत नाही, जरा खालच्या पट्टीत सावकाश बोलायचं. एकाच वेळी सगळ्यांनी जाऊ नका, चार जण एकदम बोलले की त्या नुसत्या मान हलवतील.
आणि साल विचारू नका. "हे कधीचं?" म्हटलं की माणूस गडबडतो. "तेव्हा बाबा चालायला लागले होते का?" असं विचारलं की बरोबर सांगतात, साल आपण मागाहून जुळवायचं. साधारण दहा ते तीस या वयातलं म्हाताऱ्या माणसांना जास्त आठवतं, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलंय, तेव्हा दोघी बहिणींच्या त्या वयापासून सुरू करा. हातात एखादा जुना फोटो द्या आणि गप्प बसा. गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे, काकांचं सगळ्यात चांगलं बोलणं मी प्रश्न विचारायची थांबल्यावर आलं होतं.
फोनवर रेकॉर्डिंग करताना आधी त्यांना सांगून परवानगी घ्या. फोटोत कोण आहे ते कळलं की लगेच मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलकंसं लिहायचं, बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो.

सावली:
माझं मत थोडं वेगळं आहे. शेवटची वर्षं बाजूला सारायची घाई करू नका. मी माझ्या सासूबाईंचं सगळं केलंय, त्यांना विस्मरण होतं. त्या आजारात बहुतेक वेळा अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं मागे राहतं. तुमच्या आजींना निदान काय होतं ते मला माहीत नाही, पण तुम्हाला बाबांच्या नावाने हाक मारायच्या ना, मग त्या वेळी त्या कदाचित तुमचे बाबा लहान असतानाच्या घरात असतील. म्हणजे तुम्ही जे पाहिलंच नाही म्हणता, त्यातलं थोडं त्या तुमच्यासमोर बोलत होत्या. आमच्या सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "दिव्याची काच पुसली का?" आमच्या घरात कधी कंदील नव्हता. त्यांच्या भावाला विचारलं तेव्हा कळलं की लहानपणी ते काम त्यांचं होतं, हात बारीक म्हणून काचेत सहज जायचा, आणि काच फुटली की बोलणी पण त्यांनाच बसायची. तुमच्या आजी कुणाला हाका मारायच्या, कुठे जायचं म्हणायच्या, कशाला घाबरायच्या, ते ज्यांनी ज्यांनी रात्री सोबत केली त्यांना विचारून आताच लिहून घ्या. ही यादी घेऊन मग मावशीआजींकडे जा.

गोधडी:
सावली, हे फार छान सांगितलंत. आधी यादी, मग मावशीआजी, असंच करा शेंडेफळ, माझा क्रम बदलला.

शेंडेफळ:
काय बोलू, सगळ्यांचे खूप आभार. सावलीताई, तुमचं वाचून मी लगेच दादाला फोन केला, कारण रात्रीची पाळी जास्त त्याचीच असायची. तो म्हणाला ती सारखी एक नाव घ्यायची, आम्हाला वाटायचं बडबड आहे. घरात त्या नावाचं कुणीच नाही. रविवारी मावशीआजीकडे जातेय, मी आणि दादा दोघंच, पहिला प्रश्न हाच.
अजून एक, कपाटात एक कॅसेट सापडलीय, वर बाबांच्या अक्षरात "आई" एवढंच लिहिलंय. घरात जुना टेपरेकॉर्डर आहे, लावून बघू का?

मनमोकळा:
थांबा, लगेच लावू नका! आधी कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात ते तोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर अजिबात चालवू नका, हे काम करणाऱ्या माणसाकडे द्या. ठीक दिसली तर टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो धातूचा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दुसरी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट पूर्ण चालवून बघा, मशीन टेप खात नाही ना ते. मग वायर लावून थेट कॉम्प्युटरवर घ्या, वेव्ह (.wav) फाइलमध्ये, आणि पहिल्यांदा ऐकाल तेव्हाच रेकॉर्डिंग चालू ठेवा, जुनी टेप दुसऱ्यांदा नीट वाजेलच असं नाही. फाइलच्या निदान तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरी.