मदत हवी आहे: बर्ड फ्लूच्या चार्टला जे०९ की जे११? (तातडीचं)

कोडकरी_ऐरोली
मंडळी, पटकन सांगा. मेडिकल कोडिंगचं आहे, म्हणजे बिलासाठी निदानाला आयसीडी कोड लावायचा. अमेरिकन क्लायंटच्या पेशंटचा चार्ट आहे. न्यूमोनिया आहे, डॉक्टरने 'प्रॉबेबल एव्हियन इन्फ्लुएन्झा' (बहुधा बर्ड फ्लू) लिहिलंय. मी जे०९.एक्स१ (बर्ड फ्लूसारखा प्राण्यांतला फ्लू, न्यूमोनियासह) लावला. ऑडिटरने एरर टाकून जे११.०० केला. बर्ड फ्लूला 'ओळख न पटलेला विषाणू' म्हणायचं? मग जे०९ काय शोभेला ठेवलाय? रिबटल (ऑडिटरला उत्तर) संध्याकाळपर्यंत द्यायचंय, एरर राहिला तर या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला. कृपया 'गाइडलाइन वाच' म्हणू नका, वाचलीये.

हेमांगी_क
इनपेशंट (दाखल पेशंट) की ईआर (इमर्जन्सी)? आणि 'प्रॉबेबल' कुठे लिहिलंय, ॲडमिशनच्या नोटमध्ये की डिस्चार्ज समरीत? एवढं नसेल तर काय सांगणार.

कोडकरी_ऐरोली
इनपेशंटच की. ईआरसाठी कशाला एवढं विचारलं असतं? डिस्चार्ज समरीत आहे. इनपेशंटला 'प्रॉबेबल' म्हणजे झालाय असं धरूनच कोड करायचं, हे तर ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात.

जुना_गडी
आमच्या वेळी आयसीडी-९ मध्ये (जुनी कोडयादी) ४८८ होता, तेव्हा असली भानगड नव्हती. २००९ ला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी गेला, सगळं शहर मास्क लावून फिरत होतं. स्वाइन फ्लू काय आणि बर्ड फ्लू काय, दोन्ही जे०९. बिनधास्त रिबटल टाक.

हेमांगी_क
जुना गडी, तसं नाही हो. २००९ चा एच१एन१ आता माणसांतला नेहमीचा फ्लू झालाय, त्याला जे१० (ओळख पटलेला इतर फ्लू). एरवी डुकरांत सापडणारा विषाणू माणसाला झाला तर जे०९.

कोडकरी, पहिल्या आठवड्यात शिकवतात ते खरं, पण त्या नियमाला अपवाद आहेत: एचआयव्ही, झिका, कोविड आणि फ्लूचे जे०९, जे१०. इथे 'सस्पेक्टेड', 'पॉसिबल', 'प्रॉबेबल' यातलं काहीही लिहिलं असलं तरी जे०९ लावायचा नाही, जे११ मध्ये जायचं. श्वसनसंस्थेच्या, म्हणजे दहाव्या प्रकरणाच्या गाइडलाइनमध्ये अगदी शब्दशः आहे. ऑडिटर बरोबर आहे.

डॉ_अकोलेकर
मी इथल्या हॉस्पिटलचे क्लेम बघतो. जे०९ ला एक्स वगैरे काही नसतं. नुसता जे०९ लावा आणि न्यूमोनियाचा कोड वेगळा द्या.

हेमांगी_क
डॉक्टर, तुमची डब्ल्यूएचओची आयसीडी-१०. यांचा चार्ट अमेरिकेचा, म्हणजे आयसीडी-१०-सीएम. तिथे न्यूमोनियाला एक्स१, श्वसनाच्या इतर त्रासाला एक्स२, पोटाच्या तक्रारींना एक्स३ आणि उरलेल्याला एक्स९. नुसता जे०९ दिला तर क्लेम दारातूनच परत येईल.

डेअरीवाला_अभय
मी टेक्सासकडचे चार्ट करतो. २०२४ मध्ये गायींच्या गोठ्यात बर्ड फ्लू शिरला तेव्हा तिथल्या एका कामगाराला झाला, त्याचे फक्त डोळे लाल होते. छाती साफ. अशा केसला एक्स१, एक्स२ शोधत बसू नका. एक्स९ आणि सोबत डोळ्याचा कोड.

कोडकरी_ऐरोली
अभय, माझ्या पेशंटचे डोळे ठणठणीत आहेत. न्यूमोनिया आहे, वर लिहिलंय. आणि हेमांगीताई, लॅब टॅबमध्ये एच५ (बर्ड फ्लूचा उपप्रकार) पॉझिटिव्ह दिसतंय, तरी जे११?

हेमांगी_क
हे आत्ता सांगताय?? रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलंय ते टाका. पेशंटची माहिती नको, फक्त रिझल्टची ओळ.

कोडकरी_ऐरोली
पहिला रिपोर्ट: इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, एच१ निगेटिव्ह, एच३ निगेटिव्ह, नमुना स्टेट लॅबला पाठवला. दुसरा स्टेट लॅबचा: ए/एच५ प्रिझम्प्टिव्ह (प्राथमिक) पॉझिटिव्ह. तो डिस्चार्जनंतर आलाय. पेशंट कुठल्या काउंटीचा आहे, पोल्ट्रीवर काम करतो तेही हवं असेल तर

राजस_पुणे
थांबा! काउंटी, कामाची जागा काही टाकू नका. बर्ड फ्लूचे पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, माणूस लगेच ओळखू येईल. हिपामध्ये (अमेरिकेचा पेशंटच्या गोपनीयतेचा कायदा) नोकरी जाईल, इन्सेन्टिव्ह सोडा.

आता मुद्दा. लॅबचा कागद बघून कोडरने निदान ठरवायचं नसतं. उलट गंमत अशी की जे०९ साठी लॅब रिपोर्टची सक्तीच नाही. डॉक्टरने ठामपणे 'एव्हियन इन्फ्लुएन्झा' लिहिलं की पुरे. तुमच्याकडे कागद आहे, डॉक्टरचा शब्द नाही. क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी विचारणा, टाका.

डेअरीवाला_अभय
पण इन्फ्लुएन्झा ए तर पक्का आहे ना? मग जे११ कसा, जे१०.०- मध्ये बसवा. 'ओळख न पटलेला' म्हणणं चूकच आहे.

राजस_पुणे
जे१० मध्ये नॉन-नोव्हेल (माणसांतला नेहमीचा) ए येतो, आणि एव्हियनला तिथे एक्सक्लूड्स१ आहे, म्हणजे तो तिथे चालत नाही. डॉक्टर 'प्रॉबेबल एव्हियन' म्हणतोय आणि तुम्ही 'नॉन-नोव्हेल' ठरवताय! गाइडलाइनमध्ये संशयित एव्हियनला सरळ जे११ सांगितलाय. पटत नसलं तरी तेच.

एन्कोडर_किंग
आमच्या नवीन एआय टूलमध्ये नोट टाकली की दोन सेकंदांत कोड येतो. डेमो हवा असेल तर निरोप करा.

हेमांगी_क
टूल 'प्रॉबेबल' शब्द वाचतं का? बहुतेक टूल 'एव्हियन' दिसलं की जे०९ वर उडी मारतात.

मेळघाटची_मैना
अवांतर आहे, पण जे०९ फक्त एच५एन१ ला का? २०१९ मध्ये मेळघाटात एका दीड वर्षाच्या बाळाला एच९एन२ निघाला होता, पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था) शोधला.

राजस_पुणे
फक्त एच५एन१ ला नाही. डॉक्टरने एव्हियन म्हटलं की एच९एन२ पण तिथेच. चांगला प्रश्न.

नवशिका_सांगली
सीपीसीचा (कोडरच्या परीक्षेचा) क्लास सांगलीत कुठे आहे? आणि सध्या चिकन खावं का?

डॉ_अकोलेकर
नीट शिजवून खा. ७० अंशांच्या वर विषाणू टिकत नाही. २००६ ला नवापूरला साथ आली तेव्हाही हेच सांगत होतो, कोणी ऐकलं नाही, पोल्ट्रीवाले बुडाले.

कोडकरी_ऐरोली
चिकनसाठी वेगळा धागा काढा हो. क्वेरीत काय लिहू ते सांगा. 'हा एच५एन१ आहे ना, कन्फर्म करा' असं चालेल?

राजस_पुणे
अजिबात नाही, ती लीडिंग (उत्तर सुचवणारी) क्वेरी झाली. दोन्ही रिपोर्टच्या तारखा आणि रिझल्ट द्या, डिस्चार्ज समरीतलं वाक्य द्या, मग विचारा की इन्फ्लुएन्झाचं अंतिम निदान काय. पर्याय ठेवा: एव्हियन इन्फ्लुएन्झा, इतर इन्फ्लुएन्झा ए, ठरवता येत नाही, अन्य. पैशांचा किंवा कोडचा उल्लेख नको. क्लेम अजून गेला नसेल तर होल्ड करायला सांगा.

कोडकरी_ऐरोली
क्लेम अजून बिलिंगमध्येच आहे. क्वेरी टाकली, चार्ट होल्डवर. एरर मात्र ऑडिटर काढत नाहीये, म्हणतो तू कोड केलास त्या दिवशी एच५ रिपोर्ट चार्टमध्ये नव्हताच.

हेमांगी_क
नव्हता का खरंच?

कोडकरी_ऐरोली
बघून सांगतो.