चष्म्यावर घालायचा स्की गॉगल कोणता घ्यावा? गुलमर्गला जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत मी आणि माझी लेक गुलमर्गला स्कीइंगच्या बेसिक कोर्सला जातोय. कपडे, हातमोजे, थर्मल वगैरेंची यादी आलीय, स्की आणि बूट तिकडेच मिळणार आहेत, ते सगळं मार्गी लागलंय. घोडं अडलंय ते गॉगलपाशी. आम्हा दोघींनाही चष्मा आहे. मला दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच, वर थोडा सिलिंडर म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा नंबर, आणि चाळिशी लागल्यापासून प्रोग्रेसिव्ह म्हणजे लांबचा-जवळचा नंबर एकातच असलेल्या काचा. लेक चौदा वर्षांची आहे, तिला उणे तीन, सिलिंडर नाही. चष्मा काढला तर चार हातांवरचा माणूस मला ओळखू येत नाही, त्यामुळे चष्मा काढून नुसता गॉगल लावा हा सल्ला कृपया देऊ नका, घरच्यांनी देऊन झालाय.

पुण्यात खेळाच्या सामानाच्या एका दुकानात जाऊन आले. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम घाला, चष्म्यावर सगळ्यांना होतो. घातला तर कडेच्या फोमनं चष्म्याच्या काड्या कानशिलात दाबल्या गेल्या, पुढून गॉगलची काच चष्म्याला टेकली आणि चष्मा मागे सरकून पापण्या काचेला लागायला लागल्या. डोळे मिटले की काचेवर पापण्यांचा ओला ठसा. आणि त्या एसी दुकानात, जागच्या जागी उभी असताना, पाच मिनिटांत आतून वाफ धरली. बाहेरची काच स्वच्छ होती, वाफ सगळी माझ्या चष्म्यावर. आता उणे तापमानात, घाम येत असताना, उतारावरून खाली येताना असं झालं तर मी करणार काय? थांबून हातमोजे काढून चष्मा पुसत बसायचं म्हटलं तरी मागून लोक येत असतात.

नेटवर वाचलं की ओटीजी म्हणजे चष्म्यावरून घालायचे मोठे गॉगल वेगळे असतात, काही गॉगलच्या आत नंबरची काच बसवायची छोटी फ्रेम म्हणजे इन्सर्ट मिळते, आणि तिसरा रस्ता कॉन्टॅक्ट लेन्सचा. मी लेन्स कधी लावलेल्या नाहीत, डोळ्यांत बोट घालायची भीती वाटते हे खरं, पण शिकायची तयारी आहे. यातलं काय घ्यावं? ओटीजीमध्ये वाफ कमी धरते का? प्रोग्रेसिव्ह काचा चालतात का? माझ्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या आहेत, मग गॉगलची काच फिकट घेतली तर चालेल का? दोघींचं मिळून आठ-दहा हजारांपर्यंत जायची तयारी आहे, त्याहून जास्त या एका गोष्टीवर नको वाटतंय. ज्यांनी प्रत्यक्ष चष्मा लावून स्कीइंग केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, मी गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत कोर्स केलाय, ती पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे. मला उणे चार नंबर आहे आणि पूर्ण कोर्स चष्म्यावर ओटीजी घालूनच केला. दुकानात तुम्हाला जो दाखवला तो ओटीजी नव्हताच असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय. ओटीजीची खूण सोपी आहे, कडेच्या फोमला दोन्ही बाजूंनी खाच असते, तिथून काडी बाहेर जाते, आणि आतली खोली जास्त असते म्हणून काच चष्म्याला टेकत नाही. घालून बघताना तुमचाच चष्मा लावा, डोकं जोरात डावी-उजवीकडे हलवा, खाली वाका. चष्मा जागचा हलला नाही आणि नाकावर दाब आला नाही तर तो तुमचा.

वाफेचं म्हणाल तर निम्मी वाफ आपणच करतो. सगळ्यात मोठा गुन्हेगार बफ, म्हणजे गळ्यात घालायची ती कापडी नळी! थंडी वाजते म्हणून लोक तो नाकावर ओढतात, मग श्वास वर जायला एकच वाट उरते, गॉगलच्या खालच्या झडपांमधून आत. बफ हनुवटीपर्यंतच ठेवा, फारच वारा असेल तर तोंडावर घ्या पण नाक उघडं राहू दे. दुसरं म्हणजे लिफ्टच्या रांगेत उभं राहिलं की सगळे गॉगल कपाळावर चढवतात. कपाळ घामेजलेलं असतं, ती सगळी वाफ गॉगलच्या आत जाते आणि परत डोळ्यांवर घेतला की गेलं सगळं धुक्यात. गॉगल एकतर डोळ्यांवर नाहीतर पिशवीत. आणि सुरुवातीचे दिवस तुम्ही गोंडोलाने म्हणजे केबल कारने वर जाणारच नाही, खालच्या सपाट उतारावर पडत-उठत स्की खांद्यावर घेऊन चढत असाल, घाम तेव्हाच सगळ्यात जास्त येतो. जाकिटाची चेन उघडी ठेवा, कपडे एक थर कमी घाला. अंगाला घाम कमी आला की चष्म्यावर वाफ कमी, एवढं सरळ आहे.

धागाकर्ती

बफचं कुणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. हेल्मेटचं काय केलंत? हेल्मेटखाली काड्या टोचत नाहीत का?

प्रतिसाद १

टोचतात, जाड प्लास्टिकच्या काड्या असतील तर फारच. मी आधी हेल्मेट घालायचो, मग चष्म्याच्या काड्या हेल्मेटच्या आतून सरकवायचो, मग गॉगल समोरून आणून पट्टा हेल्मेटवरून मागे. पट्टा आवळू नका, फोम चेहऱ्याला सगळीकडून नुसता टेकला पाहिजे. बारीक सरळ धातूच्या काड्यांची जुनी फ्रेम घरात असेल तर तीच बाहेर काढा.

प्रतिसाद २

मी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासणारी आहे, स्वतः स्कीइंग करत नाही पण लेह-लडाख, हिमालयात जाणारे पेशंट नेहमी येतात म्हणून डोळ्यांच्या बाजूनं लिहिते.

प्रोग्रेसिव्ह काचा उतारावर नकोत. त्यांचा खालचा भाग वाचायचा असतो. स्कीइंग करताना तुमची नजर स्कीच्या टोकापुढच्या काही मीटरच्या बर्फावर असणार, म्हणजे नेमकी त्याच खालच्या भागातून, आणि तिथलं सगळं पुसट दिसणार. उंचवटा आहे की खड्डा हे कळायला तिथेच तर स्पष्ट दिसायला हवं. वर गॉगलच्या फ्रेममुळे मान किती वाकवायची यालाही मर्यादा येते. तेव्हा फक्त लांबच्या नंबरचा एक वेगळा चष्मा करून घ्या, लहान फ्रेम, पॉलिकार्बोनेट काचा. पडलात तर काच फुटून डोळ्यात जायची भीती नको, म्हणून खरी काचेची काच अजिबात नको. तुमच्या आताच्या चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असं काहीतरी छापलेलं असेल, पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलीमीटरमध्ये. नवीन घेताना पहिला आकडा ५० च्या आतबाहेर आणि काचेची उंची कमी असलेली फ्रेम बघा, गॉगलमध्ये बसायला सोपी जाईल. जास्त नंबराला लहान फ्रेम तशीही बरी, कडेची जाडी कमी होते.

उन्हात काळ्या होणाऱ्या काचांवर गॉगलच्या आत विसंबू नका. त्या काळ्या होतात अतिनील किरणांमुळे, आणि चांगल्या गॉगलची काच ते किरण बाहेरच अडवते, त्यामुळे आत तुमचा चष्मा जवळजवळ पांढराच राहील. उलट गॉगल काढून उन्हात बसलात की थंडीत त्या नेहमीपेक्षा जास्त काळ्या होतात आणि खोलीत शिरल्यावर लवकर उतरत नाहीत. म्हणजे गॉगलची काच योग्य तेवढी गडद घ्यायलाच हवी.

इन्सर्टबद्दल, उणे तीनपर्यंत ठीक, तुमच्या नंबराला मी सुचवणार नाही. ती डोळ्यापासून तुमच्या चष्म्याइतक्याच अंतरावर बसेल असं नाही आणि चारच्या पुढच्या नंबराला तो फरक जाणवतो, त्यात सिलिंडरचा अक्ष थोडा तिरका बसला तरी त्रास. शिवाय वाफ इन्सर्टवरही धरतेच.

कॉन्टॅक्ट लेन्स दोघींसाठी चांगला पर्याय आहे, रोज नवीन लावून रात्री फेकायच्या घ्या, म्हणजे तिथे हॉटेलात सोल्युशन आणि डबी सांभाळायचा प्रश्न नाही. थंडीत लेन्स डोळ्यात गोठते ही अफवा आहे, डोळ्याची ऊब पुरेशी असते. डोळे कोरडे पडतात हे मात्र खरं, उंचावरची हवा कोरडी, वर खोलीत हीटर, तेव्हा लेन्सबरोबर चालणारे थेंब जवळ ठेवा. तुम्हाला सिलिंडर आहे म्हणून टोरिक लेन्स लागेल, आणि लेन्सचा नंबर चष्म्याएवढा नसतो, साडेपाचच्या चष्म्याला साधारण सव्वापाचची लेन्स येते, म्हणून चष्म्याचा कागद दाखवून ऑनलाइन मागवू नका, तपासून घ्या. हात साबणानं धुऊन कोरडे करूनच लेन्सला हात लावायचा, बर्फ वितळवलेल्या किंवा नळाच्या पाण्याचा लेन्सला स्पर्श नको, आणि लेन्स घालून झोपायचं नाही, कितीही दमलात तरी. डोळा लाल झाला, दुखला, की लेन्स लगेच काढायची. म्हणूनच लेन्स लावणार असाल तरी चष्मा आणि त्यावर बसणारा गॉगल हवाच.

प्रतिसाद ३

मी झ्यूरिकला राहतो, इथे हिवाळ्यात शनिवार-रविवार आल्प्समध्येच जातात. वरच्या दोघांशी पूर्ण सहमत, फक्त काचेबद्दल लिहायचं राहिलंय.

एकेरी काचेचा गॉगल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. दोन काचा आणि मध्ये हवेची पोकळी असलेला घ्या, आतली काच त्यामुळे कमी गार पडते आणि वाफ उशिरा धरते. ही युक्ती अमेरिकेतल्या बॉब स्मिथ नावाच्या दातांच्या डॉक्टरांनी साठच्या दशकात काढली, स्मिथ कंपनी त्यांनीच सुरू केली. आतल्या काचेवर वाफ न धरणारा लेप असतो, तो ओला असताना फार नाजूक असतो, त्यामुळे आतून कधीही पुसायचं नाही, हातमोज्यानं तर मुळीच नाही. बर्फ आत गेला तर झटकून टाका, मऊ कापडानं नुसतं टिपा, बाकी हवेवर वाळू द्या. हीटरसमोर धरू नका. वाफ न धरण्याचे स्प्रे तुमच्या चष्म्यावर खुशाल मारा, गॉगलच्या आत नको, मूळ लेप खराब होतो.

गडदपणासाठी एस शून्य ते एस चार अशा श्रेणी असतात. एस तीन म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, लख्ख उन्हासाठी. एस दोन १८ ते ४३ टक्के, एस एक ४३ ते ८० टक्के, ढगाळ हवा आणि बर्फ पडत असताना. लोक फक्त उन्हाचा विचार करून काळाकुट्ट गॉगल घेतात आणि ढग आले की सगळं एकसारखं पांढरं दिसतं, उतार कुठे सुरू होतो तेच समजत नाही. चष्मेवाल्यांच्या बाबतीत हे जास्त जाणवतं कारण नजर दोन-तीन थरांतून जाते. एकच काच घेणार असाल तर एस दोन घ्या, बजेटमध्ये बसलं तर काच बदलता येणारा घेऊन एक एस तीन आणि एक पिवळसर किंवा गुलाबी एस एक ठेवा.

अतिनील संरक्षण पूर्ण हवं, यात तडजोड नको. दर हजार मीटरला हे किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, आणि गुलमर्ग गावच साडेसव्वीसशे मीटरच्या आसपास आहे. ढगाळ दिवशीही गॉगल काढायचा नाही. हिमांधत्व लगेच कळत नाही, काही तासांनी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही.

ब्रँडचं म्हणाल तर स्मिथ नॉलेज ओटीजी, ओकलीचा लाइन मायनर आणि फ्लाइट डेक, हे चष्म्यासाठी खाच असलेले आहेत पण तुमच्या बजेटच्या वर जातील. आउटडोअरमास्टरचे ओटीजी स्वस्तात येतात, पहिल्या कोर्सला पुरे. लेकीला मात्र मोठ्यांचा ओटीजी नाकाशी उघडा राहील, तिच्या चेहऱ्यावर घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. हेल्मेट घालून बघा, हेल्मेटची कड आणि गॉगल यात कपाळाची उघडी पट्टी राहायला नको, आणि हेल्मेटनं गॉगल नाकावर ढकलायलाही नको.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे किती आभार मानू! दुकानदारानं पाच मिनिटांत संपवलेली गोष्ट तुम्ही इतक्या आपुलकीनं समजावलीत. तर माझं असं ठरतंय. आम्हा दोघींना एस दोनचे दुहेरी काचेचे ओटीजी, मला फक्त लांबच्या नंबरचा लहान फ्रेमचा पॉलिकार्बोनेट चष्मा, आणि दोघींनी रोजच्या लेन्स लावायला शिकायचं. लेकीला तर आनंदच झालाय. एकच शंका, चौदाव्या वर्षी लेन्स चालतात ना? आजी फार काळजी करतेय.

प्रतिसाद २

चालतात, वयापेक्षा मुलीला स्वच्छता पाळता येते का हे महत्त्वाचं. आजींना सांगा, डॉक्टर स्वतः डोळे तपासून, लावायला-काढायला शिकवून मगच देतात. फक्त निघायच्या आठवड्यात सुरू करू नका, निदान महिनाभर आधी शिका, आधी थोडे तास, मग हळूहळू वाढवत जा. तिला स्वतःच्या हातानं, आरशात बघून, कुणाच्याही मदतीशिवाय काढता आली पाहिजे, आणि तुम्हालाही. तुम्हाला लेन्स लावल्यावर जवळचं वाचायला त्रास होईल तर वाचायचा साधा चष्मा जाकिटाच्या खिशात ठेवा, फॉर्म भरायला, फोन बघायला लागतो.

धागाकर्ती

हे लक्षातच आलं नसतं. शनिवारी दोघींची डॉक्टरांकडे वेळ घेतलीय. चष्मा तयार झाला की तो आणि हेल्मेट दोन्ही घेऊन गॉगल बघायला जाते. पुण्यात किंवा मुंबईत ओटीजी प्रत्यक्ष घालून बघता येतील अशी जागा कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा, लेकीच्या मापासाठी मुंबईलाही यायची तयारी आहे.