पाचवीचा पूर्ण अभ्यास घरून, ऑनलाइन: लेकीला सिकलसेल आहे, कोणी केलं असेल तर सांगा

ओंजळ (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहून राहिली आहे, थोडं लांबेल.

माझी मुलगी दहा वर्षांची. पाचवीत आहे, सेमी इंग्रजी. तिला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आईबाबा दोघांकडून आलेला. विदर्भातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मग हातपाय, पाठ, पोट इतकं दुखतं की मूल अंथरुणात तळमळतं. थंडी, ताप किंवा दिवसभरात पाणी कमी प्यायलं गेलं, एवढं कारण पुरतं. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सुरू झाल्यापासून क्रायसिस, म्हणजे असे दुखण्याचे झटके, कमी झाले, पण थांबले नाहीत.

चौथीत तिचे ७१ दिवस बुडाले. यंदा दिवाळीपर्यंतच ३८. तिच्या बाई चांगल्या आहेत, वह्या पाठवतात, फोन करतात. पण वर्ग कोणासाठी थांबत नाही ना. भागाकार सुरू असताना ही सलाईनवर होती, परत गेली तर फळ्यावर अपूर्णांक. ज्याला भागाकारच आला नाही त्याला अपूर्णांक काय कळणार? रोज सकाळी वेणी घालताना ती विचारते, "आई, आज काय शिकवतील?" आणि मला कळतं की तिच्या पोटात गोळा आलाय.

यांच्या एका मित्राने अमेरिकेतला एक पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम सुचवला. गणित, इंग्रजी, विज्ञान, समाजशास्त्र, सगळं एका ठिकाणी, रोजचं वेळापत्रकही तेच लावून देतात. महिन्याचे पैसे भरून घेतला. पहिले बारा दिवस पोर खुश होती. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, कोणी हसत नाही.

तेराव्या दिवशी क्रायसिस आला. सहा दिवस दवाखाना. घरी आल्यावर गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून तिने आधी टॅब मागितला. रोजचे चार धडे, सहा दिवसांचे चोवीस, सगळ्यांपुढे लाल खूण. ती बोट ठेवून एकेक लाल मोजत होती. चोवीस झाल्यावर मला म्हणाली, "आई, शाळेत निदान फळा तरी पुसतात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कंपनीला लिहिलं, त्यांचं एक ठराविक उत्तर आलं, जे वाचून लिहिलेलं वाटलं नाही. पुढच्या महिन्याचे पैसे भरले नाहीत.

आता विचारायचं ते हे. एक, आजारी मुलाला झेपेल असा पाचवीचा पूर्ण अभ्यास ऑनलाइन कोणी केला आहे का? दोन, शाळेतून नाव काढावं की नाही? सासरे म्हणतात काढा, पोरीची दगदग थांबवा. मला दाखल्याची भीती वाटते. तीन, आता पाचवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते म्हणतात, ते खरं का?

पाऊलवाट (बेसा, नागपूर)

ताई, फळा पुसण्याचं वाचलं आणि फोन बाजूला ठेवून थोडा वेळ बसले.

आम्ही दोन वर्षांपूर्वी मुलाची पाचवी पूर्ण वर्षभर असाच एक अमेरिकन अभ्यासक्रम घेऊन घरी केली. यांचं काम सोलरच्या साइटवर, सहा महिने इथे तर सहा महिने तिथे, शाळा कितीदा बदलायची? कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्रुटी त्यांच्या एकट्याच्या नाहीत. ते त्यांच्या देशातल्या मुलांसाठी बनवतात, आपण ते आपल्या घरात आणतो.

आधी चांगलं सांगते. गणित खरंच छान होतं. छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज त्यांनी पट्ट्या कापून दाखवली. घनफळ म्हणजे एकेक ठोकळा रचत जाणं, हे माझ्या पोराला तिथेच समजलं. एक व्हिडिओ त्याने पाच वेळा पाहिला आणि पाचव्यांदा "हां!" म्हणून उठला. तेवढं मी विसरणार नाही.

आता दुसरी बाजू. विज्ञानात एक प्रश्न आला: बाहेर ४६ अंश आहे, काय घालाल? पोराने सुती कपडे आणि टोपी निवडली. चूक. बरोबर उत्तर जॅकेट. आपण नागपूरचे, मे महिन्यात ४६ अंशाला दुपट्टा बांधल्याशिवाय गेटबाहेर पाऊल टाकत नाही. त्यांचे ४६ फॅरनहाइटचे, म्हणजे आपले जेमतेम ८ सेल्सिअस. मोठ्या माणसाला हे क्षणात कळतं. दहा वर्षांच्या मुलाला मात्र वाटलं, आपल्यालाच काही येत नाही. फूट-इंच, पौंड, त्यांची डाइम-निकेल नाणी यांचंही तसंच झालं. आकडे तो १,२३४,५६७ असे लिहायला शिकला, "वन मिलियन" वाचायचा. मग बाबांनी १२,३४,५६७ लिहून दिलं तर बारा लाख म्हणता येईना. समाजशास्त्रात अमेरिकेच्या तेरा वसाहती पाठ झाल्या आणि सीताबर्डीचा किल्ला रोज दिसत असून कोणाचा ते माहीत नव्हतं. मराठी तर नव्हतंच. वर्षअखेरीस आजीला पत्र लिहायला बसवलं तर जोडाक्षरं विसरला होता.

तेव्हापासून पाया बालभारतीचा ठेवला. ई-बालभारतीवर सगळ्या माध्यमांची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात, सेमीसाठी इंग्रजी माध्यमाचं गणितही. पुस्तकात क्यूआर कोड असतात, दीक्षा ॲपवर स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य उघडतं. कोणतं चांगलं असतं, कोणतं कंटाळवाणं, आधी आपण बघून घ्यायचं. गणितासाठी सोबत खान अकॅडमी, फुकट. कोणी काम नेमून दिलं नाही तर तिथे तारखा नसतात. मूल जिथे सोडून गेलं तिथूनच सुरू होतं. तुमच्या लेकीला हेच हवं असं मला वाटतं. (तुम्ही घेतला होता तशा अभ्यासक्रमांत तारखा पुढे ढकलायची सोय बहुतेक वेळा पालकांच्या खात्यात असते. पण ते काम दवाखान्यातून कोणी करायचं?)

दिवसाला अडीच तास पुरतात, खरंच. वर्गात चाळीस मुलांची हजेरी, वह्या तपासणं, रांगा यात जो वेळ जातो तो घरी लागत नाही. तुमच्या जागी असते तर मी अभ्यास धड्यांप्रमाणे वाटलाच नसता. तीन पिशव्या केल्या असत्या. एकीत झोपून करायचं: गोष्ट ऐकणं, कविता, तोंडी पाढे, तुम्ही वाचायचं आणि तिने ऐकायचं. दुसरीत बसून करायचं: गणित, लेखन. तिसरीत बाहेरचं. सकाळी तिच्या अंगात किती त्राण आहे ते बघून पिशवी निवडायची. झोपायची पिशवी निवडली तरी त्या दिवशीचा अभ्यास झालेलाच असतो. लाल खूण कुठेच नाही.

तिसऱ्या पिशवीतलं एक सांगते. पाचवीच्या गणितात वर्तुळाचा धडा आहे. काटोल रोडवर जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, सुमारे ३००, माहीत असेल तुम्हाला. आम्ही सुतळी घेऊन गेलो. पोरगा एका कडेच्या दगडापाशी, मी समोरच्या दगडापाशी, मध्ये ताणलेली सुतळी. तो ओरडला, "आई, जरा डावीकडे सरक, अजून वाढतेय!" मी सरकत गेले, सुतळी वाढत गेली, मग कमी व्हायला लागली. जिथे सगळ्यात जास्त भरली तो व्यास. बाकीच्या सगळ्या जीवा. व्याख्या मी सांगितलीच नाही, त्याने सांगितली. काही दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगे आहेत, त्यात बोट घालून तो किती वेळ बसला होता.

निवृत्त गुरुजी (रामटेक)

ताई, प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं आहे. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

नाव काढू नका. टीसी घेतली की मुलाची नोंद यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा नसलेल्या मुलांच्या यादीत) जाते आणि दुसरी शाळा उचलून घेईपर्यंत तिथेच पडून राहते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुसार वर्गात परत घ्यावंच लागतं, त्यामुळे वाट कायमची बंद होत नाही. पण आजारी लेकरू घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या कशाला चढता?

त्यापेक्षा मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या: आजाराचं स्वरूप, डॉक्टरांचं पत्र, गैरहजेरीत अभ्यास घरी करून घेत आहोत हे वाक्य, आणि पोचेवर सही-शिक्का. आपल्याकडे महिनाभर सलग न आलेलं मूल शाळाबाह्य धरतात. त्या यादीत तुमच्या मुलीचं नाव चुकून जाऊ नये म्हणून हा कागद हवा.

दुसरं, दिव्यांग प्रमाणपत्र काढलं आहे का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, सिकलसेल त्यात आहे. बऱ्याच पालकांना हे ठाऊकच नसतं, मूल चालतंबोलतं दिसतं म्हणून. ते काढून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) घेतलं की शाळेत तिची नोंद विशेष गरजा असलेली विद्यार्थिनी म्हणून होते. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. तुमच्या मुलीला तो लागू होईल की नाही हे टक्केवारीवर ठरेल, तरी विशेष शिक्षकांशी बोलून ठेवा.

परीक्षेचं खरं आहे. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, प्रत्येक विषयात ३५ टक्के. कमी पडले तर पुनर्परीक्षा असते, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. घाबरू नका. प्रश्न पुस्तकातलेच असतात, म्हणून पाया बालभारतीचा ठेवा हे पाऊलवाट ताईंचं म्हणणं मलाही पटतं. अमेरिकेचा अभ्यास उत्तम झाला तरी परिसर अभ्यासाची उत्तरपत्रिका त्याने लिहिता येणार नाही.

आणि कधी शाळा खरोखरच सोडावी लागली तर मुक्त शिक्षणाचे दोन मार्ग आहेत. एनआयओएसचा (केंद्राच्या मुक्त शाळेचा) मूलभूत शिक्षणाचा 'ब' स्तर पाचवीच्या बरोबरीचा. दुसरं आपलं महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ, तिथे पाचवीसाठी दहा वर्षं पूर्ण हवीत.

भागाकाराबद्दल एक. तिला पुढचं काहीही देऊ नका. आठ दिवस फक्त भागाकार, तोही चिंचोके घेऊन. ४७ चिंचोके सहा वाट्यांत वाटायला लावा, प्रत्येक वाटीत सात येतात आणि उरलेले पाच हातात राहतात. बाकी म्हणजे काय हे हातात धरलेलं असलं की अपूर्णांक आपोआप पुढे येतो: त्या पाचांचं आता काय करायचं?

कन्हान

मीही एसएस. आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहावीत दोन महिने घरी होते. अभ्यास भरून निघाला, पण परत गेले तेव्हा माझ्या बाकावर दुसरी मुलगी बसत होती आणि मला कुठे बसू ते विचारायची हिंमत झाली नाही. ताई, बऱ्या असलेल्या दिवशी तिला शाळेत नक्की पाठवा, अर्धा दिवस तर अर्धा दिवस. बाकावर तिची जागा राहू द्या. बाईंना सांगा की पाण्याची बाटली बाकावरच ठेवायची परवानगी हवी आणि लघवीला जायला हात वर करायची वाट बघायला लावू नका. मी पाणी कमी प्यायचे, ते याच लाजेपायी.

ओंजळ

सगळ्यांना हात जोडून नमस्कार. कन्हान, तुझं बाटलीचं वाचून तिला विचारलं. तीही तेच करते. आम्ही रोज भरून देतो आणि संध्याकाळी अर्धी परत येते, मला वाटायचं विसरते. सोमवारी बाईंना भेटते.

गुरुजी, प्रमाणपत्राचं खरंच कोणी सांगितलं नव्हतं. अर्ज यांनी रात्रीच लिहिला. नाव काढत नाही, सासऱ्यांनाही तुमचं वाचून दाखवलं, ते म्हणाले गुरुजी सांगतात तर राहू द्या. चिंचोके आजच काढले. ४७ नाही, ५३ होते. वाट्या सहाच घेतल्या. प्रत्येकीत आठ टाकून झाल्यावर उरलेले पाच तिने मुठीत धरले आणि म्हणाली, हे कोणालाच द्यायचे नाहीत.

पिशव्या तिनेच निवडल्या, झोपायचीसाठी आजीची जुनी नऊवारीची. पाऊलवाट ताई, तिला ती सुतळीची गोष्ट सांगितली, आता जुनापाणी जुनापाणी करून राहिली आहे. तिला नेता येईल का हो? खूप चालावं लागतं का?

पाऊलवाट

फार नाही, पण जमीन खडबडीत आहे आणि सावली कमी. आता डिसेंबरात नका नेऊ, सकाळचं वारं तिला सोसायचं नाही. फेब्रुवारीत दुपार तापायच्या आत, नऊ-साडेनऊला. आधी डॉक्टरांना विचारा. पाणी तिथे मिळेल असं धरू नका, घरूनच भरपूर न्या. सुतळी माझ्याकडची आणते, ती लांब आहे. आम्हीही येतो.