फिक्सीचा मागचा टायर एकाच जागी झिजतोय, टायर खराब की मी?

चढावर_रडका
नमस्कार मंडळी, वर्षभर इथे नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, तेव्हा सांभाळून घ्या. दिवाळीनंतर एक सेकंडहँड फिक्सी (चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरतंच, पाय मोकळे सोडता येत नाहीत अशी सायकल) घेतली, पुढे चेनव्हीलला 48 दाते, मागे चाकावरच्या चकतीला 16, स्टीलची फ्रेम, रंग मस्त, त्यालाच भुललो खरं तर. कोथरूडला राहतो, ऑफिस बावधनला, म्हणजे रोज सकाळी डेपोपासून चांदणी चौक चढायचा आणि संध्याकाळी तोच उतरायचा. रविवारी डेक्कनवरून पाच-सहा जण खडकवासल्याला जातो आणि येताना मिसळ.

प्रॉब्लेम असा की मागचा टायर तीन आठवड्यात गेला. गेला म्हणजे सगळा नाही, बाकीचा टायर नवाकोरा, त्यावरचे ते रबराचे केसपण अजून शाबूत, पण एका जागी साधारण माझ्या तळहाताएवढा पट्टा घासून आतले धागे दिसायला लागले. दुकानात घेऊन गेलो तर तो म्हणे तुम्ही दगडावर घासली असणार, गॅरंटी नाही. दुसरा टाकला, त्याचंही तेच, आणि गंमत म्हणजे व्हॉल्व्हच्या अगदी समोरच्याच बाजूला. रिम आऊट (वाकडी) आहे म्हणून आऊट काढून आणली, फरक शून्य. स्किड करायला, म्हणजे पाय अडवून मागचं चाक घसरवत थांबायला, नुकताच शिकलोय, सिग्नलला जरा जास्तच करतो हे कबूल (नळस्टॉपला एक आजोबा थांबून विचारत होते, बाळा ब्रेक लावायचे राहिले का). मागच्या चाकातून अधूनमधून उलटं दाबलं की कट् असा आवाज येतो, ते वेगळं.

तर प्रश्न तीन. टायर कुठला घेऊ जो टिकेल. गुडघे दुखतायत चढावर, ते सवयीने जाईल का. आणि मिसळ खाऊन फिक्सी चालवताना तुम्हा लोकांचं पोट कसं काय राहतं, मला तर कर्वे रोडवरून घरी येईपर्यंत घाम फुटतो.

दातमोज्या
टायर बदलू नकोस रे, दाते बदल. दुकानदाराची चूक नाही, टायर कंपनीची नाही, पाचवीच्या गणिताची आहे.

बघ, 48 भागिले 16 म्हणजे बरोब्बर 3. पॅडलचा एक फेरा झाला की चाकाचे पूर्ण तीन फेरे, ना कमी ना जास्त. तू स्किड करतोस तेव्हा नेहमी एकच पाय पुढे असतो, बहुतेक उजवा, क्रँक (पॅडलचा दांडा) आडवी, बरोबर? म्हणजे दर वेळी पाय त्या जागी आला की चाकसुद्धा फिरून त्याच जागी आलेलं असतं आणि टायरचा तोच तुकडा रस्त्यावर घासतो. तू शंभर वेळा स्किड केलंस तर शंभरही त्याच तळहाताएवढ्या जागेवर. टायर कितीही महागाचा आण, तिथेच जाणार.

हिशोब सोपा आहे, पुढचे दाते वर मागचे खाली लिहून अपूर्णांक लहान करायचा, खाली जो आकडा उरतो तेवढ्या जागी टायर घासतो, जास्त जागा म्हणजे झीज वाटली जाते. 48/16 म्हणजे 3/1, एकच जागा. 48/18 म्हणजे 8/3, तीन. 44/16 म्हणजे 11/4, चार. 46/16 म्हणजे 23/8, आठ. आणि मागे 17 टाकलेस की 17 ही मूळ संख्या असल्यामुळे पुढे 34 किंवा 51 सोडून काहीही असू दे, सतरा जागा मिळतात. वरचा आकडा विषम असेल आणि तुला डावा पाय पुढे घेऊनही स्किड येत असेल तर जागा दुप्पट, म्हणजे तुझ्या आत्ताच्या 3/1 ला एकाच्या दोन. तोपर्यंत डावा पाय शिकून घे, फुकट आहे.

गुडघ्याचं पण तिथेच आलं. 48/16 म्हणजे 3 चा रेशो, मिनिटाला 90 च्या लयीत पॅडल मारलंस तर ताशी 34 किमी. सपाट रस्त्यावर रुबाब छान पडतो पण चांदणी चौकाच्या चढावर तू 90 ने नाही 45 ने मारत असणार, अख्खं वजन टाकून, सकाळी सकाळी. ते सवयीने जाणार नाही, गुडघा जाईल. 44/17 घे, 2.59 येतो, 90 ला ताशी 29. चढ बसून निघेल. तोटा एकच, संध्याकाळी उतारावर 40 चा वेग आला की पाय मिनिटाला 120 च्या वर फिरतात, सीटवर ढुंगण उड्या मारायला लागतं. तेव्हा वेग आधीच धरून ठेवायचा, सुटल्यावर नाही.

चेनव्हील बदलायचं नसेल तर नुसता मागे 17 टाक, 48/17 म्हणजे 2.82. एका दाताने चाक जेमतेम 3 मिलीमीटर पुढे सरकतं, चेन तीच चालते बहुतेक.

रविवारपेठ_काका
दातमोज्याचं गणित बरोबर आहे पण तुम्ही सगळे टायर टायर करताय आणि त्या पोराने शेवटी काय लिहिलंय ते कोणी वाचलंच नाही. उलटं दाबलं की कट् आवाज येतो. अहो चढावर रडके, आधी ते सायकल चालवणं बंद करा आणि मागचं चाक उजव्या बाजूने नीट बघून इथे सांगा. चकतीच्या बाहेर लॉकरिंग, म्हणजे चकती आवळून धरणारी रिंग, आहे का? असेल तर ती कुठल्या बाजूला फिरवून सुटते?

आमच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, भाड्याच्या सायकली, तासावर. तेव्हा रेसवाली मुलं हिवाळ्यात फिक्सवर प्रॅक्टिस करायची, पाय गोल फिरायला लागावेत म्हणून. त्यातले दोघे-तिघे साध्या फ्रीव्हीलच्या (पाय थांबवले तरी चाक फिरू देणाऱ्या चकतीच्या) हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, फिक्स चकती ठोकून आणायचे आणि वडील त्यांना दुकानातून हाकलायचे. कारण सांगतो. फ्रीव्हीलच्या हबला एकच आटे असतात, सुलटे. पुढे पॅडल मारलं की चकती घट्ट होते. उलटा जोर दिला की सुटायला बघते. फिक्सीत ब्रेक म्हणजेच उलटा जोर! खऱ्या ट्रॅक हबला म्हणून दुसरी लहान पायरी असते, तिला उलटे आटे, त्यावर लॉकरिंग बसते, मग चकती सुटायला निघाली की ती रिंगला आणखी आवळते. जुगाडवाले काय करतात, बॉटम ब्रॅकेटची (पॅडल ज्यावर फिरतं त्या धुरीची) रिंग घेतात, तिचे आटे फ्रीव्हीलच्या आट्यांशी जुळतात, बसतेही छान, फोटोत काही कळत नाही. पण तिचेही आटे सुलटेच, म्हणजे चकती निघाली की ती पण तिच्यासोबत निघाली. चांदणी चौकाच्या उतारावर.

आणखी एक, आता लिहितोच आहे तर. चेन पुसताना चाक फिरवत फडकं धरू नका. साध्या सायकलवर फडकं अडकलं तर फ्रीव्हील सुटतं. फिक्सला सुटत नाही, चाकाचा सगळा जोर चेनमध्ये येतो आणि फडक्यासकट बोट चेनव्हीलमध्ये जातं. एका मुलाचं पेर गेलेलं मी स्वतः बघितलंय, पुढचं लिहीत नाही. चाक थांबवून कडी कडी पुसायची, वेळ लागला तर लागला.

ओढणी_आवरा
काकांना साष्टांग. मी त्यात भर घालते, पुढचा ब्रेक लाव. प्लीज. मला माहितीये तुमच्या ग्रुपमध्ये ब्रेक लावला की लोक हसतात, मला पण हसायचे. नुसतं मागचं चाक अडवून जेवढ्या अंतरात थांबता येतं त्याच्या साधारण निम्म्यात पुढच्या ब्रेकने थांबता येतं, कारण थांबताना वजन सगळं पुढे येतं आणि मागचं चाक हलकं होऊन नुसतं घसरत जातं. म्हणून तर तुझा टायर जातोय ना. लक्ष्मी रोडला पहिला पाऊस पडलेला असताना मी हे शिकले, रिक्षाच्या मागच्या सीटवर जवळजवळ जाऊन बसले होते. रिक्षावाले काका म्हणाले ताई मीटर टाकू का.

स्पीडब्रेकरचं पण कोणी सांगत नाही. नव्या माणसाला सवयीने पाय थांबवावेसे वाटतात आणि सायकल तुम्हाला उचलून फेकते. उठायचं थोडं, पण पाय फिरतेच ठेवायचे. वळणावर आतलं पॅडल रस्त्याला टेकतं म्हणून 165 मिलीमीटरची क्रँक बरी, 170 वर मी एकदा भिडे पुलाच्या वळणावर ठिणग्या काढल्यात. आणि पँटची कड, बुटाची नाडी, ओढणी, जे काय लोंबतंय ते आत खोचून निघायचं. माझं नाव असंच पडलेलं नाही.

चढावर_रडका
काका, आत्ता पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन बघितलं. रिंग आहे. हाताने फिरली!! सुलटीच सुटते. आणि चकती साधारण पाव फेरा मागेपुढे होतेय, तोच कट् आवाज.

दीड महिना मी यावर चांदणी चौक उतरत होतो. बसलोय जरा पायरीवर.

रविवारपेठ_काका
बसा. पाणी प्या. उद्या बसने जा ऑफिसला. लोकटाईट (आट्यांना लावायचा गोंद) लावून घट्ट करतो, वेल्डिंग करतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, नवीन चाक घ्या, ट्रॅक हबचं, दोन्ही बाजूला आटे असलेलं मिळालं तर उत्तम, एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. गुडघा दुखला त्या दिवशी चाक उलटं लावायचं. फक्त त्या दिवशी पायाने थांबायचं नाही हे लक्षात ठेवा, आणि तेवढ्यासाठी तरी ब्रेक लागतोच.

निशिकासाईचा_पुणेकर
इथे तोक्योत ब्रेक नसलेली फिक्सी रस्त्यावर आणली तर पोलीस थांबवतात, पुढे मागे दोन्ही ब्रेक कायद्याने लागतात. गंमत म्हणजे हाच देश जिथे 1948 पासून केइरिनच्या शर्यती चालू आहेत, बिनब्रेकच्या सायकलींवर, लोक त्यावर पैसे लावतात. पण ती ट्रॅकवर. ट्रॅकवर सगळेच बिनब्रेकचे असतात म्हणून तर अचानक कोणी थांबत नाही, तिथे ते सुरक्षित. समोरून उलट्या दिशेने टेम्पो येत नाही ना.

बाकी मिसळीच्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही याचा निषेध. मी इथे रविवारी राइड संपवून दुकानातली थंड ओनिगिरी खातो, भात आणि समुद्री शेवाळ, मला कळू दे तिकडे काय चाललंय.

तर्रीबाज
आलो. या विषयावर मी अधिकारवाणीने बोलू शकतो कारण मी सगळ्या चुका केल्यात.

मित्रा, फिक्सीवर मिसळीचा मुद्दा तिखटाचा नाहीये, पाय थांबत नाहीत हा आहे. साध्या सायकलवर जेवण झालं की माणूस उतारावर पाय सोडून देतो, पोटाला विश्रांती मिळते. फिक्सीवर तू घरी पोचेपर्यंत मांड्या पोटाला खालून ढुशा मारत असतात, मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा. वर तर्री तरंगतेय आणि खाली ताक घुसळणं चाललंय, घाम फुटणार नाही तर काय. मी एकदा काटाकिर्रला दोन वाट्या जास्तीचा रस्सा घेऊन तसाच निघालो आणि म्हात्रे पुलावर कठड्याला धरून पाच मिनिटं नदी बघत उभा होतो, लोकांना वाटलं निसर्गप्रेमी आहे.

तर उपाय. एक म्हणजे राइडच्या शेवटी खायचं, मध्ये नाही, आणि जागा घराजवळची निवडायची, तू कोथरूडचा म्हणजे काटाकिर्र कर्वे रोडला तुझ्या वाटेवरच आहे पण तिखट झेपत नसेल तर नारायण पेठेत बेडेकरांकडे ये, गोडसर पुणेरी रस्सा, स्लाइस बुडवून खा, आणि नंतर अर्धा तास चालत सायकल हातात धरून पेठेतून फिर, नाहीतरी वन वेमुळे चालवता येत नाहीच. माझं वैयक्तिक मत विचारशील तर फडके हौदाजवळचं वैद्य, तो हिरवट रस्सा पोटाला लागत नाही. कोल्हापूरवाले आता भांडायला येतील, येऊ देत.

राइडच्या मध्ये भूक लागली तर गुडलकचा बनमस्का, लोण्याने काही होत नाही. सिंहगड फिक्सीवर करायचा विचार असेल तर (करू नकोस, वरचा घाट साधारण 9 किमी आहे, 44/17 वर सुद्धा मी दोनदा उतरून ढकललीये) वर पिठलं भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन लगेच उतरायला निघू नकोस. उतरताना पोट भरलेलं आणि पाय गरगर, हे मी शत्रूलाही सांगणार नाही.

ओढणी_आवरा
खिशात गुळपोळी ठेव रे. घडी घालून, बटर पेपरमध्ये. दोन दिवस खराब होत नाही, चुरा होत नाही, एका हाताने खाता येते. राजगिऱ्याचा लाडू ट्राय केला होता, सगळा जर्सीत सांडला आणि घरापर्यंत मुंग्या घेऊन आले. फिक्सीवर रॅपर फाडायला दोन्ही हात सोडायचे नसतात हे पण ध्यानात ठेव, आधीच उघडून ठेवायचं.

चढावर_रडका
अपडेट देतो, दहा दिवस झाले. नवीन चाक आलं, ट्रॅक हबचं. लॉकरिंग उलटी आहे हे स्वतः फिरवून बघितलं, दुकानातला वैतागला, म्हणे साहेब किती वेळा बघणार. मागे 17 टाकला, पुढे सध्या 48 च आहे, महिनाअखेरीला 44 घेईन. पुढचा ब्रेक लावला. ग्रुपमध्ये हसले, मी काकांची रिंगची आणि बोटाची गोष्ट सांगितली, मग गप्प झाले आणि दोघांनी गुपचूप आपापल्या रिंगा तपासल्या. एकाची तशीच निघाली, सुलट्या आट्यांची!

टायरवर खडूने खुणा करून बघितल्या, स्किड केलं की खूण पुसली जाते, दर वेळी वेगळ्या जागी पुसली जातेय. मला एवढा आनंद झाला की मी पार्किंगमध्ये बायकोला बोलावून दाखवलं. ती टायरकडे बघून म्हणाली, आणि आधीचे दोन टायर किती रुपयाचे होते?

चांदणी चौक अजून उभ्यानेच चढतोय पण गुडघा बरा आहे. आता डावा पाय पुढे घेऊन स्किड शिकतोय, काल सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीला धडकलो, खुर्ची रिकामी होती. दातमोज्या, 48 चा आकडा सम आहे म्हणजे डाव्या पायाने 17 च्या 34 होणार नाहीत ना? मग मी हे शिकतोय कशाला?

दातमोज्या
नाहीत होणार. 17 च राहतील. पण तू 44 घेतलास तरी सम, तेव्हा 45 किंवा 47 शोध, मिळणं अवघड आहे.

तर्रीबाज
खुर्चीवरून आठवलं, रविवारी बेडेकरांकडे साडेआठला ये, उशीर केलास तर फूटपाथवर उभ्याने खावं लागेल.