प्रतिसाद: वेताळ टेकडीवरची अळिंबी

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या झाडांखाली उगवलेल्या अळिंबीच्या छत्र्या म्हणजे झाडांच्या 'भूमिगत इंटरनेट'चा (मुळांना जोडणाऱ्या बुरशीच्या जाळ्याचा) पुरावा, असं वर कुणीतरी लिहिलंय. जरा थांबा! या कल्पनेमागचा, वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांचा १९९७ चा गाजलेला प्रयोग कॅनडातल्या बर्च आणि डग्लस फरवर होता. त्या झाडांच्या मुळांशी राहणाऱ्या बऱ्याच बुरश्या जमिनीवर छत्री काढतात. गिरिपुष्पाच्या मुळांतली बुरशी वेगळ्या गटातली, ती छत्री काढतच नाही. शिवाय २०२३ मध्ये त्याच क्षेत्रातल्या तिघा संशोधकांनी दाखवून दिलं, की जंगलातल्या या जाळ्याबद्दलचे बरेच दावे पुराव्यापेक्षा पुढे गेलेत.

आपल्याकडची खरी गंमत वारुळात आहे. वाळवी पालापाचोळा चावून आत बुरशीची चक्क शेती करते, आणि पावसाळ्यात त्या शेतातून लांब दांड्याची अळिंबी वर येते. दांडा खणत गेलात तर थेट वाळवीच्या घरात पोचता. म्हणूनच ती धिंगरीसारखी पेंढ्यावर लावता येत नाही. आमची मुळशीची आजी जागा कुणाला सांगायची नाही, सुनेलाही नाही!

खायचं म्हणाल तर सोसायटीच्या लॉनवरच्या पांढऱ्या छत्र्यांना हात लावू नका. त्यातली एक जात कोवळी असताना अगदी खाण्याजोगी दिसते, पण तिचे बीजाणू हिरवट असतात आणि खाल्ल्यावर उलट्या-जुलाबाने माणूस आडवा होतो. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर उपडी ठेवली की बीजाणूंचा रंग उमटतो. मात्र हिरवा नाही म्हणून खाण्याजोगी, असा उलटा अर्थ काढू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, नेमकी ओळख हवी असेल तर तिथे विचारून बघा.